लाव्हाच्या मातीतले गाव : दायमाबाद

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला की तो बहुधा 1490 सालापासून, म्हणजे अहमद निजामशहाने नगर वसविले तेथून प्रारंभ करतो. मग भुईकोट किल्ला येतो, चांदबिबी येते, आणि श्रोत्यांचे मन तलवारींच्या खणखणाटात रमून जाते. आम्ही मात्र आज ज्या गावाकडे वळणार आहोत, त्याला राजाचे नाव ठाऊक नाही आणि लढाईही नाही. ते शेतकऱ्यांचे गाव होते. ते हजार वर्षांहून अधिक काळ नांदले आणि एके काळी ओस पडले. ते का नांदले व का ओस पडले, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे दूर जाऊ. मेक्सिको देशाच्या मिचोआकान प्रांतात 20 फेब्रुवारी 1943 रोजी एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि तीतून धूर, राख व तप्त दगड बाहेर पडू लागले. बघता बघता तेथे डोंगर उभा राहिला. त्याला पारिकुटीन असे नाव मिळाले. पुढच्या वर्षी त्याच्या लाव्हाने सान हुआन पारांगारिकुतिरो हे गाव गिळले. आज काळ्या दगडाच्या समुद्रातून त्या गावच्या चर्चचा मनोरा तेवढा वर दिसतो. लाव्हा मंद गतीने आला, म्हणून गावकऱ्यांना निघून जाता आले. देवळातली ख्रिस्ताची मूर्ती त्यांनी बरोबर घेतली आणि काही अंतरावर त्याच नावाचे नवे गाव वसविले. 1952 साली ज्वालामुखी थंडावला.

ही हकीकत ऐकून आपल्याला वाटते, बरे झाले, आपल्याकडे असले काही नाही. पण आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती भूमी लाव्हाचीच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनेत जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या खडकाखाली आहे. अकोले तालुक्याच्या सीमेवरील 1,646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर त्याच थरांतून ऊनपावसाने कोरून काढलेले आहे. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी तो अग्नी विझला, आणि त्याची राहिलेली मिळकत म्हणजे आपली काळी जमीन. हा खडक झिजून जी चिकण माती झाली, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते. पाऊस सरल्यावर नुसत्या जमिनीच्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

या मातीवर, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर, दायमाबाद हे स्थळ आहे. 1958 साली बोपर्डीकर यांनी ते उजेडात आणले. लागलीच देशपांडे यांनी, पुढे 1974-75 मध्ये राव यांनी आणि नंतर 1979 पर्यंत साळी यांनी तेथे उत्खनने केली. त्याआधी डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी 1950-51 साली संगमनेरजवळच्या जोर्वे येथे आणि 1954 ते 1956 मध्ये नेवाशास खोदकाम केले होते. ज्या नेवाशास आपण ज्ञानेश्वरांमुळे ओळखतो, त्याच्या भूमीखाली ताम्रपाषाणयुगाची वस्ती निघाली! आणि जोर्व्याच्या नावाने तर साऱ्या महाराष्ट्रातील त्या काळच्या संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. आपल्या जिल्ह्यातील एका खेड्याला मिळालेला हा मान थोडका नव्हे.

दायमाबादला इ. स. पूर्वी सुमारे 2200 पासून 1000 पर्यंत एकामागून एक पाच संस्कृतींचे थर सापडले. त्यांपैकी एका थरात हडप्पा लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. शेवटच्या, म्हणजे जोर्वे काळात वस्ती सुमारे 20 हेक्टरांवर पसरली होती. हे लोक चाकावर घडविलेली, तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली भांडी वापरीत. जव, मसूर, मूग, कुळीथ अशी धान्ये त्यांना ठाऊक होती. मक्याची व मिरचीची मात्र त्यांना वार्ता नव्हती. ती दोन्ही मेक्सिकोच्या भूमीतील पिके, आणि ती समुद्रापलीकडून आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात व त्यानंतर. ज्या ठेच्यावाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही, तो दायमाबादच्या कुणब्याने कधी चाखला नाही.

त्यांच्या विळ्याकोयत्यांची पाती गारेच्या दगडाची असत आणि ती गारही लाव्हाच्या पोकळ्यांतच तयार झालेली. माती लाव्हाची, हत्यार लाव्हाचे. पण तांबे या खडकात नाही. ते लांबून आणावे लागे. म्हणून 1974 साली एका रहिवाशाला झाडाचा बुंधा खणताना जो ठेवा लागला, त्याचे मोल फार आहे. दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार भरीव धातुमूर्ती त्यात होत्या. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु तांब्याला पारख्या असलेल्या भूमीत एवढी धातू साठविणाऱ्यांचे संबंध आपल्या शिवारापुरते नव्हते, हे स्पष्ट आहे.

असे हे गाव इ. स. पूर्वी 1000 च्या सुमारास ओस पडले. अग्नीने नव्हे, शत्रूनेही नव्हे. पुणे जिल्ह्यात घोड नदीवर इनामगाव येथे 1968 ते 1983 या काळात जे उत्खनन झाले, त्यातून या प्रश्नावर प्रकाश पडला. तेथे वस्ती आणखी तीनशे वर्षे टिकली, पण कशी? चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गुरांची हाडे कमी झाली आणि हरणांची वाढली. पाऊस हटला व शेती खचली, असा निष्कर्ष डॉ. म. के. ढवळीकर यांनी काढला. माती तीच होती. तिची कसही गेली नव्हती. गेले होते ते पाणी.

आम्हांला या गोष्टीत आपल्या जिल्ह्याचे मर्म दिसते. प्रवरा सह्याद्रीच्या धो धो पावसात जन्मते आणि जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातून वाहत टोक्याला गोदावरीस मिळते. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, 1950-51 मध्ये लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. पण त्याच कालव्यांच्या अतिपाण्याने काही जमिनी खारावून चोपण झाल्या, हेही तितकेच खरे. आणि जेथे कालवा पोचला नाही, तेथे 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडावयास बसली.

यालाही उत्तर याच जिल्ह्यात मिळाले आहे. हिवरे बाजारने 1990 नंतर डोंगरउतारावर पाणी अडविले, शेतीसाठी विंधनविहिरी खणण्यास बंदी केली आणि दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पीक ठरविण्याचा शिरस्ता घातला. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. दायमाबादच्या लोकांना आकाश बदलता आले नाही. हिवरे बाजारच्या लोकांनाही ते बदलता आलेले नाही. फरक एवढाच की यांनी उपलब्ध पाणी मोजले, आणि तेही सर्वांनी मिळून.

आपण शहरवासी म्हणाल, हा खेड्यांचा प्रश्न. पण या नगराच्या नळास येणारे पाणी मुळा धरणाचे आहे. त्याच पाण्याकडे राहुरी-नेवाशाचे शेतही डोळे लावून असते. सान हुआनच्या लोकांनी गाव सोडले, पण एकत्र सोडले, म्हणून ते पुन्हा उभे राहिले. दायमाबाद सोडणाऱ्यांनी मागे नक्षीची भांडी ठेवली आणि स्वतःचे नावही ठेवले नाही. अग्नीने आपल्याला माती दिली, ती कोणी हिरावून नेणार नाही. पाण्याची वाटणी मात्र दर पिढीने नव्याने, एकत्र बसून करावयाची असते. ती ज्या पिढीने टाळली, तिच्याविषयी पुढे उत्खननाचा अहवाल तेवढा लिहिला जाईल.