वनस्पतींच्या नत्रपोषणाचा शोध : शेत आणि प्रयोगशाळा यांच्यातील संवादाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘बेवड’ हा शब्द नेहमी येतो. एक पीक निघाल्यानंतर पुढील पिकासाठी जमिनीची जी स्थिती मागे राहते, तिला बेवड म्हणतात. कडधान्याचा बेवड तृणधान्याला मानवतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हा अनुभव केवळ येथील नाही. इसवी सनापूर्वीच्या ग्रीसमध्ये थिओफ्रॅस्टसने घेवडावर्गीय पिके जमिनीला पुन्हा ताकद देतात, अशी नोंद केली होती. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला यानेही शेंगावर्गीय पिकांचा हा गुण सांगितला आहे.

असे असूनही या अनुभवामागील कारण शास्त्राला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सापडले नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, त्या शतकाच्या मध्यास झालेल्या अत्यंत काटेकोर प्रयोगांनी या अनुभवाला आधारच नाही, असा निष्कर्ष काढला. शेतातील अनुभव खरा आणि प्रयोगही निर्दोष, तरी निष्कर्ष चुकीचा, हे कसे घडले? प्रस्तुत लेखात वनस्पतींच्या नत्रपोषणाच्या शोधाचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने आढावा घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वनस्पतीचे अन्न कोणते?

प्राण्याला तोंड असते, तो खाताना दिसतो. वनस्पती मात्र काही खाताना दिसत नाही. त्यामुळे तिचे अन्न मातीतच असले पाहिजे आणि ते मुळांवाटे तयार स्वरूपात मिळत असले पाहिजे, अशी समजूत प्राचीन काळापासून होती. या समजुतीची मोजमापाने तपासणी करण्याचा प्रसिद्ध प्रयत्न फान हेल्माँट या फ्लेमिश शास्त्रज्ञाने केला. त्याने २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि ५ वर्षे त्याला केवळ पाणी दिले. झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले, मातीचे वजन मात्र सुमारे २ औंसच घटले. यावरून झाड पाण्यापासून बनते, असे त्याने मानले. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

मोजमाप बरोबर होते, परंतु हवेचा विचार झालेला नव्हता. ती उणीव पुढे प्रीस्टली, इंगेनहाउस व सेनेबिए यांच्या कार्याने भरून निघाली. हिरवी पाने सूर्यप्रकाशात प्राणवायू बाहेर टाकतात, हे इंगेनहाउसने १७७९ मध्ये सिद्ध केले. १८०४ मध्ये निकोला-थेओडोर द सोस्यूर याने वनस्पतीचा कर्ब हवेतील कर्बवायूतून येतो व वाढीत पाण्याचाही वाटा असतो, हे मोजून दाखवले. मातीतून येणारी खनिजे प्रमाणाने अल्प असली तरी आवश्यक आहेत, हेही त्याने मांडले. अशा रीतीने कर्ब, पाणी आणि खनिजे यांचे मूळ समजले. नत्राचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

२. नत्राचा पेच

नत्र हा प्रथिनांचा अनिवार्य घटक आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा असतो. वनस्पती नत्राच्या सागरातच उभी असते, तरी नत्राच्या अभावी तिची पाने पिवळी पडतात. नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात की, वनस्पतीला ते स्वतः वेगळे करता येत नाहीत. अर्थात, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे कारण ज्ञात नव्हते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो याने अल्सास प्रांतातील बेशेलब्रोन येथील शेतावर या प्रश्नाचा अभ्यास केला. शेतात घातलेल्या खतात किती नत्र आहे आणि निघालेल्या पिकात किती, याचा ताळेबंद त्याने मांडला. ज्या फेरपालटात क्लोव्हरसारखे शेंगावर्गीय पीक होते, तेथे खतातून दिलेल्या नत्रापेक्षा अधिक नत्र पिकात आढळले. १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुंडीतील प्रयोगांतही क्लोव्हर व वाटाणा यांच्यात नत्राची वाढ दिसली, गहू व ओट यांच्यात ती दिसली नाही. शेतकऱ्याच्या बेवडाला प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला.

याच सुमारास, १८४० मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग याचा कृषिरसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुजलेले सेंद्रिय द्रव्य हेच वनस्पतीचे अन्न, या तत्कालीन ‘ह्यूमस’ सिद्धान्तावर त्याने प्रहार केला आणि खनिज पोषणाचा पुरस्कार केला. नत्राबाबत मात्र त्याचे मत असे होते की, हवेतील अमोनिया पावसाबरोबर जमिनीत येतो व तेवढा सर्व पिकांना पुरतो. १८४५ च्या सुमारास त्याच्या सूत्रानुसार इंग्लंडमध्ये तयार झालेले पेटंट खत अपयशी ठरले. त्यातील क्षार सहज विरघळू नयेत अशा रीतीने बनवलेले होते आणि नत्राचा पुरवठाही त्यात पुरेसा नव्हता.

३. रोदॅमस्टेड : काटेकोर प्रयोगाची मर्यादा

लीबिगच्या मताला आव्हान मिळाले ते इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथून. जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून तेथे दीर्घकालीन शेतप्रयोग सुरू केले. गव्हाला केवळ खनिजे देऊन भागत नाही, नत्रयुक्त खत द्यावेच लागते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु त्यांच्याच शेतात शेंगावर्गीय पिके वेगळी वागत होती. त्यांना नत्रखताची फारशी गरज भासत नव्हती. क्लोव्हर शेतातून भरपूर नत्र घेऊन जात असे आणि तरीही त्यानंतरचे तृणधान्य जोमदार येत असे.

हा नत्र हवेतून येतो काय, हे ठरवण्यासाठी लॉझ, गिल्बर्ट आणि अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ इव्हान प्यू यांनी १८५७ पासून प्रयोगमाला हाती घेतली. मातीत आधीचा नत्र राहू नये म्हणून ती तापवून भाजून घेतली. झाडे काचेच्या हंड्यांखाली वाढवली. आत सोडलेली हवा आम्लातून धुऊन घेतली, जेणेकरून तीत अमोनियाचा अंश राहू नये. त्या काळात याहून अधिक दक्षता घेणे कठीण होते. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : तृणधान्य असो वा शेंगावर्गीय, कोणतीही वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेत नाही. बूसँगोनेही १८५० च्या दशकात बंदिस्त उपकरणात आपले प्रयोग पुन्हा केले, तेव्हा नत्राची वाढ दिसली नाही आणि तो पूर्वीच्या निरीक्षणापासून दूर गेला.

येथे चूक नेमकी कोठे होती? मोजमापात नव्हती, प्रामाणिकपणातही नव्हती. माती म्हणजे क्षारांचे निर्जीव भांडार, हे गृहीतक त्या प्रयोगाच्या मुळाशी होते. ती भाजली तर केवळ नको असलेला नत्र निघून जाईल, बाकी काही गमावणार नाही, असे मानले गेले. प्रत्यक्षात जे शोधायचे होते तेच माती भाजताना नष्ट झाले. शेतातील शेंगावर्गीय पीक एकटे नव्हते, काचेखालील पीक मात्र एकटे पडले होते.

४. बर्नबुर्ग : अनियमिततेचा अर्थ

या पेचाचा उलगडा जर्मनीतील बर्नबुर्ग येथे हेर्मान हेल्रीगेल व हेर्मान विल्फार्ट यांनी केला. नत्ररहित वाळूच्या कुंड्यांमध्ये ते निरनिराळी पिके वाढवीत. ओट व बार्ली यांची वाढ दिलेल्या नायट्रेटच्या प्रमाणात होई. वाटाण्याचे तसे नव्हते. एकसारख्या कुंड्यांपैकी काहींतील रोपे उपासमारीने खुरटत, तर काहींतील रोपे काही काळ पिवळी राहून एकाएकी हिरवीगार होत. जोमदार रोपांच्या मुळांवर गाठी असत, खुरटलेल्या रोपांच्या मुळांवर त्या नसत.

अनेकांनी अशी अनियमितता प्रयोगातील दोष मानून बाजूला ठेवली असती. या दोघांनी तिलाच पुरावा मानले. निर्जंतुक वाळूत त्यांनी शेतातील मातीचा थोडासा अर्क घातला आणि वाटाणा जोमाने वाढला. तोच अर्क उकळून घातल्यास परिणाम होत नसे. म्हणजे अर्कातील कार्यकारी घटक क्षार नसून सजीव होता. सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या संमेलनात हेल्रीगेलने हा निष्कर्ष मांडला.

या गाठी नव्याने दिसलेल्या नव्हत्या. मालपीगीने सतराव्या शतकातच त्यांचे चित्र काढले होते आणि वोरोनिन याने १८६६ मध्ये त्यांत जीवाणूंसारखे सूक्ष्म जीव पाहिले होते. परंतु बराच काळ त्यांच्याकडे विकृती म्हणूनच पाहिले गेले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक याने गाठींतील जीवाणू वेगळे करून वाढवले. पुढे ते ‘रायझोबियम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. लॉझ व गिल्बर्ट यांनी तीस वर्षे जपलेल्या मताच्या विरोधात जाणारा हा शोध स्वतः प्रयोग करून पडताळला आणि स्वीकारला, ही बाब शास्त्रीय वृत्तीच्या दृष्टीने आदर्श म्हटली पाहिजे.

या सहजीवनात वनस्पती जीवाणूंना शर्करा पुरवते व जीवाणू नत्रवायूचे अमोनियात रूपांतर करून वनस्पतीला देतात. हे कार्य करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूच्या सान्निध्यात निकामी होते, म्हणून गाठीत रक्तातील हिमोग्लोबिनशी साम्य असलेले एक द्रव्य प्राणवायूचे नियमन करते. कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी दिसते, ती यामुळेच.

५. भारतीय संदर्भ

हा शोध ताजा असतानाच भारतीय शेतीच्या पाहणीसाठी इंग्लंडमधील कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर याची नियुक्ती झाली. १८८९ ते १८९१ या काळात त्याने देशभर प्रवास केला व १८९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकऱ्याला फेरपालट कळत नाही, हा समज त्याने खोडून काढला. तृणधान्याबरोबर कडधान्य पेरण्याच्या पद्धतीची त्याने दखल घेतली. सरपणाच्या टंचाईमुळे शेण जाळावे लागते आणि जमीन खताला मुकते, याकडेही त्याने लक्ष वेधले व सरपणासाठी वनराई राखण्याची शिफारस केली.

मराठी वाचकाला येथे महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. डोंगरावरील पालापाचोळा व कुजलेले जैविक द्रव्य पावसाबरोबर शेतात येऊन जमीन सुपीक राही, जंगल खात्याच्या निर्बंधांमुळे शेतकऱ्याची गुरे चराईला मुकली, अशी मांडणी त्यांनी केली होती. जमिनीचे पोषण हा केवळ रसायनाचा प्रश्न नसून जंगल, गुरे आणि सत्ता यांच्याशी निगडित प्रश्न आहे, हे या दोन अगदी भिन्न भूमिकांतील लेखकांच्या लेखनातून दिसते.

मुळांवरील गाठींच्या जीवाणूंचा भारतातील आरंभीचा अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केला. जीवाणू खत बियाण्याला चोळून पेरण्याची आज सर्वपरिचित असलेली पद्धत ही याच ज्ञानपरंपरेची फलश्रुती होय.

६. कारखान्यातील नत्र

जे कार्य जीवाणू सामान्य तापमानाला करतात, तेच फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये उच्च दाब व उच्च तापमानाच्या साहाय्याने करून दाखवले. कार्ल बॉश याने त्याला औद्योगिक रूप दिले व १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात हाच अमोनिया स्फोटकांसाठी वापरला गेला. भारतात १९५१ मध्ये सिंद्री येथील कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि हरितक्रांतीच्या काळात रासायनिक नत्राचा वापर झपाट्याने वाढला. या नत्राने कोट्यवधी लोकांच्या अन्नाची सोय केली, हे नाकारता येणार नाही. त्याचबरोबर नत्र पिशवीतून मिळू लागल्यावर बेवडाचा विचार अनेक ठिकाणी मागे पडला आणि माती म्हणजे क्षारांचे भांडार हे जुने गृहीतक व्यवहारात परत आले.

निष्कर्ष

१. शेतकऱ्याला परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेने कारण शोधले, परंतु त्यासाठी तिला प्रथम शेतातील परिणामावर विश्वास ठेवावा लागला. ‘परंपरेत सर्व काही होते’ आणि ‘परंपरेत काहीच नव्हते’ ही दोन्ही विधाने या इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

२. प्रयोगाची शुद्धता म्हणजे निष्कर्षाची सत्यता नव्हे. १८५७ च्या प्रयोगांनी ‘भाजलेल्या मातीत शेंगावर्गीय पीक हवेतील नत्र घेत नाही’ एवढेच सिद्ध केले होते. ‘भाजलेल्या मातीत’ ही अट निष्कर्षातून गळाली आणि चूक झाली.

३. बेवडाचेही आंधळे समर्थन योग्य नाही. शेंगावर्गीय पिकाने मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांत जातो. दाणा, काड आणि पाला सर्व शेताबाहेर नेल्यास जमिनीला फारसे काही उरत नाही. बेवड चांगला ठरतो तो जमिनीचा वाटा जमिनीत राहू दिला तरच.

वनस्पती काय खाते, या प्रश्नाचे उत्तर पाणी, ह्यूमस, क्षार असे प्रत्येक वेळी अंशतः बरोबर मिळत गेले आणि प्रत्येक वेळी ते अंतिम मानले गेले. नत्राच्या शोधाने त्यात एक मूलभूत भर घातली : वनस्पतीचे पोषण हा अनेक जीवांचा सामायिक व्यवहार आहे. मातीतील हा सहभागी जीव डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो हिशेबातून वगळण्याची चूक एकोणिसाव्या शतकात अजाणतेपणी झाली. आज ती जाणूनबुजून होऊ नये, हाच या इतिहासाचा बोध आहे.