काळी, पांढरी आणि निळा

रंगाला जात नसते. गिरणीत आमच्या हाताखालून जातं ते सूत कोरं असतं. रंग मागनं चढतो, आणि तो माणूस चढवतो. रंगाच्या अर्थाचंही तसंच आहे. कोणता शुभ, कोणता अशुभ, कोणता राजाचा न् कोणता गड्याचा, हे ज्याच्या हातात सत्ता त्यानं ठरवलं. चीनमध्ये पांढरा म्हंजे मयताच्या घरचा रंग. युरोपात तोच नवरीचा. 1840 साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया पांढरा झगा घालून लग्नाला उभी राहिली आणि ती चाल तिथं पक्की झाली.

आपल्याकडं तर रंगाच्या नावावर अख्खा समाज वाटून टाकला. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू वाटणी सांगतो : ब्राह्मण पांढरा, क्षत्रिय तांबडा, वैश्य पिवळा, शूद्र काळा. तिथंच भरद्वाज त्याला अडवतो. सगळ्या वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात, मग ही वाटणी कशी? बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या 1946 च्या ग्रंथात वर्ण म्हंजे कातडीचा रंग हा अर्थच खोडून काढला.

या चार रंगांत आपले बापजादे कुठंच नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाच्या वाट्याला आलीत मेलेल्या माणसाची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने. पेशवाईत अस्पृश्यानं मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हंजे चुकून कुणी शिवायला नको. हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहून ठेवलंय. पुढं 1941 साली हिटलरच्या जर्मनीत ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा शिवायला लावला. देश दोन, युक्ती एकच : माणूस लांबनंच ओळखू आला पाहिजे.

आता आपल्या गावात या. टेंभुर्णीच्या आसपास, भीमेच्या खोऱ्यात, जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द असायचे. गावठाण म्हंजे पांढरी, पिकाची जमीन म्हंजे काळी. महारानं दोन्हींची राखण करायची. शिवेचा दगड दाखवायचा, वेसकरकी करायची, सरकारी सांगावा पोचवायचा. पण पांढरीत त्याचं घर नाही, महारवाडा बाहेर. काळीत त्याचा वतनाचा तुकडा, तोही राबणुकीच्या दाव्याला बांधलेला. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचा कायदा बदलायला बिल मांडलं, ते यासाठीच. ती वतनं कायद्यानं बंद व्हायला 1958 साल उजाडावं लागलं.

मग आपण रंगांचे अर्थ बदलायला घेतले. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. हे काय होतं ते नीट ध्यानात घ्या. आपल्या मुलखात पांढरं लुगडं विधवेचं. नवरा जित्ता असताना बाईनं ते नेसावं म्हंजे घोर अपशकुन. आपल्या आया-आज्या ते नेसून दीक्षा घ्यायला उभ्या राहिल्या. पोथीतला अपशकुन त्यांनी एका दिवसात अंगावर पांघरून मोडून टाकला. लेख लिहून एवढं झालं नसतं.

आणि निळा. मनुस्मृतीच्या त्याच दहाव्या अध्यायात ब्राह्मणानं काय विकू नये याची यादी आहे. त्यात दारू आणि लाखेच्या जोडीला नीळ आहे. निळीचा पाला पाण्यात कुजवावा लागतो, त्याची घाण सुटते, रंगाऱ्याचे हात कोपरापतूर निळे होतात. गोऱ्या मळेवाल्यांसाठी ही नीळ पेरायला बंगालच्या कुळांनी 1859 साली नकार दिला आणि बंड केलं. कष्टकऱ्याच्या अंगावर निळा कपडा असतो तो मळखाऊ म्हणून. 1942 साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, त्याचा झेंडा निळा. कुणी म्हणतं हा आभाळाचा रंग, सगळ्यांवर सारखा. असंल. मला तो घामाच्या कपड्याचाही वाटतो.

पण हा झेंडा मिरवणुकीपुरता कधीच नव्हता. 1959 साली आणि पुन्हा 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. हजारो बायामाणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? काळी. पडीक, गायरान, सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. ज्या काळीची आपण पिढ्यान्‌पिढ्या राखण केली, ती निळा झेंडा हातात घेऊन मागितली. निळ्याचा अर्थ त्या लोकांनी तुरुंगात बसून लिहिलाय.

आज जयंतीला चौक निळा होतो, छान दिसतो. पण गावोगाव आपली माणसं अजून दुसऱ्याच्या काळीत रोजानं जातात. 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय 1991 साली निघाला. तुमच्या गावात तो किती जणांच्या सातबाऱ्यावर उतरला? तलाठ्याकडं जा, उतारे काढा, नावं वाचा. ज्यांची नाहीत त्यांची यादी करा आणि ती घेऊन तहसीलवर चला. झेंडा बरोबर असू द्या.