सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवरावांचा राजवाडा : इतिहास, वास्तू आणि संवर्धन

प्रस्तावना
वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे असलेला लखुजी जाधवरावांचा राजवाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी एका सरदार घराण्याचे सत्ताकेंद्र म्हणून त्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने राजवाड्याचा मागोवा घेण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा येथे जन्म झाला. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करविली. त्यानंतरही सिंदखेडचे महत्त्व संपले नाही. डिसेंबर १७५७ मध्ये निजामाच्या पक्षातील रामचंद्र जाधव येथे वेढ्यात सापडले. या लढाईत पेशव्यांच्या सैन्याने विजय मिळविला आणि तहान्वये निजामाला २५ लाखांचा मुलूख व नळदुर्ग सोडावा लागला.

वास्तुरचना
राजवाड्याचे भव्य महाद्वार आजही उभे असून आत तळघरे व जिजाऊंच्या जन्माचे दालन दाखविले जाते. मात्र ही वास्तू एकाकी नव्हती. रंगमहाल, जाड भिंतींचा काळाकोट, सावकारवाडा, नीलकंठेश्वराचे मंदिर, मोती तलाव, चांदणी तलाव व पुतळाबारव यांमधून निवास, संरक्षण, व्यापार, उपासना व पाणीपुरवठा यांची सांगड घातलेली दिसते. पर्जन्यावर अवलंबून असलेल्या या भागात तलाव व बारवेशिवाय एवढ्या मोठ्या वसाहतीचा निर्वाह होणे कठीण होते.

संवर्धनाचा प्रश्न
२०२४ मध्ये लखुजींच्या समाधीपरिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संवर्धनकार्य चालू असताना एका प्राचीन शिवमंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मूर्ती उजेडात आली. जाधवरावांच्या पूर्वीही येथे समृद्ध वसाहत होती, याचा हा पुरावा होय. केवळ उभ्या भिंतींपुरते संरक्षण मर्यादित ठेवल्यास असा भूमिगत पुरावा नव्या बांधकामाखाली कायमचा नष्ट होऊ शकतो.

निष्कर्ष
जिजाऊंविषयीच्या लोकश्रद्धेमुळे राजवाड्याची स्मृती टिकून राहिली. त्या श्रद्धेला शास्त्रीय नोंदींची जोड देऊन वाडा, तलाव, मंदिरे व समाधी यांचा एकत्रित आराखडा तयार करणे आवश्यक आहे. वाडा राहिला आणि त्याला जगविणारे तलाव बुजले, तर सिंदखेडचा इतिहास अपुराच राहील.