कारभारी बर्वे आणि खोटी पत्रे

कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे पटवर्धनांचे लहानसे संस्थान. त्याच्याही थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झालेल्या. आणि या दोन्ही पात्यांवर नजर होती ती कोल्हापूरला बसणाऱ्या इंग्रज पोलिटिकल एजंटाची. अशा संस्थानी मुलखात 'कारभारी' या शब्दाला विलक्षण वजन असे. कारभारी मालक नव्हे, पण नुसता चाकरही नव्हे. (इकडच्या बायका नवऱ्यालाही कारभारीच म्हणत, यातले मर्म भाषेच्या अभ्यासकांनी शोधावे.) धन्याची मर्जी आणि एजंटाचा विश्वास ही दोन्ही सांभाळताना त्याला प्रजेच्या विश्वासावर बहुधा पाणी सोडावे लागे.

या जातीच्या कारभाऱ्यांतले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे कोल्हापूरचे रावबहादूर माधवराव बर्वे. गाजलेले असले, तरी मराठी वाचकाला ते ठाऊक आहे ते फक्त फिर्यादी म्हणून.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज अगदीच लहान होते. ते वयात येऊ लागले तेव्हा त्यांना वेड लागल्याचे सरकारने ठरवले आणि त्यांच्यावर गोऱ्या माणसांचा पहारा बसला. महाराज खरोखर वेडे आहेत, की त्यांना वेडे ठरवले जात आहे? १८८१ च्या अखेरीस 'केसरी' आणि 'मराठा' यांनी हा प्रश्न हाती घेतला. दोन्ही पत्रांना तेव्हा वर्षही पुरते झाले नव्हते. पुढे नाना भिडे या पुण्याच्या वकिलाकडून काही पत्रे पुढे आली. महाराजांचा घात करण्याचा बेत बर्व्यांच्याच हातचा आहे, असे त्यांवरून दिसत होते.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी बर्वे मागे हटले नाहीत. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. भिड्यांनाही शिक्षा झाली. मात्र लोकमत पूर्णपणे आरोपींच्या बाजूला होते. खटल्याच्या मदतीसाठी खुद्द कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरचे एक नाटक केले आणि त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्त्रीभूमिका केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे कारभाऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच गावात त्याच्याविरुद्ध वर्गणी जमत होती!

हा खटला बर्व्यांनी जिंकला खरा. पण न्यायालयाबाहेर ते कायमचे हरले. २६ ऑक्टोबरला सुटून आल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिले, आणि कोल्हापूर प्रकरणाची मराठीतली आठवण त्या पुस्तकाच्या स्वाधीन झाली. पुढे, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. मग पत्रे खोटी होती, ही गोष्ट कोणाला आठवावीशीही वाटली नाही.

माझ्या मते इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. विषाच्या आणि घातपाताच्या कटाबाबत बर्वे निर्दोष होते, हे त्यांच्या विरोधकांनीच न्यायालयात कबूल केल्यासारखे आहे. पण ज्या व्यवस्थेत एका तरुण राजाला परक्यांच्या पहाऱ्यात ठेवले गेले, त्या व्यवस्थेचा कारभार ते पाहत होते, आणि हे कोणत्याही गुप्त पत्रावाचून सर्वांना दिसत होते. 'केसरी'ने याच उघड गोष्टीवर भर दिला असता, तर फिर्यादीला जागा उरली नसती. पण उघड अन्यायापेक्षा दडलेले कारस्थान वाचकाला जवळचे वाटते, संपादकांनाही वाटले.

आगरकरांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे भाषांतर याच तुरुंगवासाशी जोडले जाते. ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्या नाटकात वेडाचा संशय असलेला राजपुत्र आहे, एवढेच साम्य आपण सहसा सांगतो. पण पडद्याआड उभा राहून ऐकणारा आणि तिथेच मारला जाणारा राजाचा सल्लागारही त्यात आहे. शिवाय राजपुत्राने स्वतः रचलेले एक खोटे पत्र आहे, ज्यापायी दोन माणसांचा जीव जातो. हा भाग मराठीत आणताना आगरकरांना कोल्हापूरच्या कारभाऱ्याची आठवण झाली असेल काय?