प्रोस्टेट आणि ताठरतेसाठी एकच गोळी: टॅडालाफिल कोणी घ्यावी, कोणी टाळावी आणि कुणापासून लपवू नये?

वय ६२. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक झाली आहे. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठीवर एका गोळीचं नाव लिहून देतात: टॅडालाफिल, ५ मिलिग्रॅम, रोज एक. घरी आल्यावर मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि दोघंही गोंधळतात. कारण इंटरनेट सांगतं, ही तर 'त्या' कामाची गोळी आहे.

डॉक्टरांची चूक झालेली नसते. टॅडालाफिल हे औषध प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावर दिलं जातं आणि लिंगाला ताठरता न येण्याच्या समस्येवरही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ते २००३ मध्ये ताठरतेच्या समस्येसाठी आणि २०११ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी मंजूर केलं. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे.

योग्य माणसाने योग्य डोसमध्ये घेतलं तर हे औषध बहुतेकांना मानवतं. गंभीर धोका बऱ्याचदा वेगळ्याच ठिकाणी असतो: लाजेपोटी ही गोळी लपवली जाते आणि नेमक्या वेळी डॉक्टरांना तिच्याबद्दल कळत नाही.

थोडक्यात

- छातीत दुखण्यासाठी नायट्रेट गटातलं औषध (उदा. सॉर्बिट्रेट) घेणाऱ्यांनी ही गोळी घ्यायची नाही.
- दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घ्यायची नाही. डोस स्वतःहून वाढवायचा नाही.
- दारूसोबत घ्यायची नाही.
- घरातल्या किमान एका माणसाला आणि प्रत्येक डॉक्टरला सांगून ठेवायचं.

ही गोळी शरीरात करते काय?

लैंगिक उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींचे स्नायू सैल पडतात, रक्त भरतं आणि ताठरता येते. थोड्या वेळाने पीडीई-५ हे एन्झाइम हा परिणाम संपवतं. टॅडालाफिल या एन्झाइमला काही काळ रोखून धरते. म्हणून ती स्वतःहून इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना नसेल तर गोळीचा उपयोग होत नाही.

हेच एन्झाइम प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या स्नायूंमध्येही असतं. ते स्नायू सैल पडले की लघवीची वाट मोकळी होते. एका गोळीचे दोन उपयोग होतात ते यामुळे. 'व्हायग्रा' या नावाने ओळखली जाणारी सिल्डेनाफिल याच गटातली. ती मुळात हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी तपासली जात होती. १९९८ मध्ये ती ताठरतेसाठी बाजारात आली.

दोघींमधला मोठा फरक वेळेचा. सिल्डेनाफिलचा परिणाम काही तासांत ओसरतो. टॅडालाफिलचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण साडेसतरा तास लागतात आणि परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. म्हणजे शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळीही अंगात असू शकते.

प्रोस्टेट वाढणं म्हणजे कॅन्सर का?

नाही. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. वयानुसार ती वाढते आणि मार्गावर दाब येतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार तुटक येणं, पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, रात्री वारंवार उठावं लागणं ही तिची लक्षणं आहेत.

मात्र अशीच लक्षणं मधुमेह, लघवीचा जंतुसंसर्ग, मुतखडा आणि कधी कधी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्येही दिसतात. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडली म्हणून तीच गोळी आणून सुरू करणं चुकीचं आहे. आधी लघवीची तपासणी, साखर, गरजेनुसार सोनोग्राफी आणि पीएसए ही रक्ततपासणी करून मग औषध ठरतं.

डोस कसा असतो?

प्रोस्टेटसाठी साधारणपणे ५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज एकाच वेळी घेतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. ताठरतेसाठी दोन पद्धती आहेत: रोज कमी डोस, किंवा गरजेपुरती १० मिलिग्रॅमची गोळी संबंधाच्या किमान अर्धा तास आधी. डॉक्टर ती ५ किंवा २० मिलिग्रॅमही करू शकतात. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर डोस आणखी कमी करावा लागतो किंवा औषधच टाळावं लागतं.

जेवणाआधी की नंतर, याने फारसा फरक पडत नाही. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी 'जेवल्यावर' किंवा 'झोपताना' असा नियम ठेवला तर पाळी बदलली की दोन गोळ्यांमधलं अंतर कमी-जास्त होतं. त्यापेक्षा घड्याळातली एक वेळ पक्की करणं सोयीचं.

सर्वांत मोठा धोका: छातीत दुखणं आणि जिभेखालची गोळी

हृदयविकाराच्या अनेक रुग्णांना जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असते. ती नायट्रेट गटातली असते. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढवते. टॅडालाफिल त्याचा परिणाम संपू देत नाही. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो, माणूस कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

टॅडालाफिल घेतल्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, असा वैद्यकीय नियम आहे. त्यानंतरही गरज पडली तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. निकोरँडिल हे छातीदुखीचं औषध घेणाऱ्यांनीही टॅडालाफिल टाळायची असते.

पालघर तालुक्यातल्या दांडीसारख्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावाचा विचार केला तर हा धोका नीट समजतो. बोट समुद्रात असताना कुणाच्या छातीत कळ आली, तर सोबतचा खलाशी आपल्या खिशातली जिभेखालची गोळी माणुसकीने पुढे करेल. दुखणाऱ्या माणसाने आदल्या रात्री टॅडालाफिल घेतली आहे, हे बोटीवर कुणालाच माहीत नसेल. मदत म्हणून दिलेली गोळीच घात करू शकते.

त्यामुळे ही गोळी घेणाऱ्याने तिचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी किंवा मोबाइलच्या कव्हरमागे सरकवावी. छातीत दुखलं तर पहिलं वाक्य हेच असावं: "मी टॅडालाफिल घेतली आहे, अमुक वेळी." जमिनीवर असाल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. समुद्रात असाल तर भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

आणखी कोणती औषधं सांगायची?

- टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन: हीदेखील प्रोस्टेटचीच औषधं. टॅडालाफिलसोबत घेतल्यास उठताना चक्कर येऊ शकते. दोन्ही द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. जुनी आणि नवी चिठ्ठी स्वतःहून एकत्र करू नये. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही औषधं चालू असल्याचं किंवा पूर्वी घेतल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावं, कारण ऑपरेशनवेळी बुबुळ सैल पडू शकतं.
- फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड: यांनी ग्रंथी आकसते, पण त्याला काही महिने लागतात. या औषधांमुळे पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो. तपासणीवेळी हे सांगितलं नाही तर वाढलेला आकडाही 'नॉर्मल' वाटू शकतो. गरोदर स्त्रियांनी या गोळ्यांच्या भुकटीला किंवा फुटलेल्या गोळीला हात लावू नये.
- रक्तदाबाच्या गोळ्या: एकत्र चालू शकतात, पण दाब तपासत राहावं लागतं.
- केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीवरची काही औषधं: टॅडालाफिल शरीरात जास्त वेळ साठून राहते.
- टीबीसाठीचं रिफाम्पिसिन: उलट परिणाम, टॅडालाफिलचा असर कमी होतो. म्हणून डोस स्वतःहून वाढवू नये.
- सर्दीच्या गोळ्या: फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक अडू शकते. मेडिकलमध्ये सर्दीची गोळी मागतानाही प्रोस्टेटचा त्रास सांगावा.

दारूसोबत घेतली तर?

दारूनेही रक्तवाहिन्या सैल होतात. दोन्ही एकत्र आल्यावर चक्कर, धडधड, डोकेदुखी आणि रक्तदाब घसरणं हे त्रास वाढतात. शिवाय जास्त दारूमुळे ताठरता कमीच होते. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच साधत नाही.

नागपूरमधल्या ४१ वर्षांच्या एका पुरुषाचं प्रकरण २०२३ मध्ये चर्चेत आलं होतं. त्याने डॉक्टरांना न विचारता सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दारूसोबत घेतल्या. दुसऱ्या दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. न्यायवैद्यक शास्त्राच्या नियतकालिकात या प्रकरणाची नोंद करताना डॉक्टरांनी दारू, गोळी आणि आधीपासूनचा उच्च रक्तदाब यांच्या एकत्रित परिणामाकडे बोट दाखवलं. एका प्रकरणावरून ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला असा धोका आहे असं म्हणता येत नाही. पण गोळीआधी रक्तदाब का मोजायचा, याचं उत्तर त्यात आहे.

ताठरता कमी होणं ही हृदयाची सूचना असू शकते

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. चरबी साठून वाट अरुंद होऊ लागली की त्रास अनेकदा आधी तिथे दिसतो. काही पुरुषांमध्ये छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधीच ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब, नैराश्य आणि काही औषधं हीदेखील कारणं असतात.

गुपचूप आणलेल्या गोळीने ताठरता येईल, पण मागचा आजार वाढत राहील. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीत ही तक्रार सुरू झाली तर साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि गरजेनुसार ईसीजी करून घ्यावा. मच्छीमारांना पावसाळी मासेमारीबंदीचा काळ या तपासण्यांसाठी सोयीचा आहे.

नुकताच हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, थोड्या श्रमानेही छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ही औषधं देत नाहीत.

चिठ्ठी नको, जाहिरात पुरे?

'शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही' अशा रील्स आणि रस्त्याकडेच्या तंबूतल्या पुड्या यांपासून सावध राहावं. अशा 'नैसर्गिक' उत्पादनांमध्ये सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल लपवून मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत वारंवार आढळलं आहे. हृदयरोगी माणूस 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणून पुडी घेतो आणि वर छातीदुखीची गोळीही घेतो. धोका तोच, फक्त न कळता.

लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना भारतात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. म्हणजे जाहिरात जितकी मोठी बढाई मारते, तितकी शंका घ्यायला जागा आहे.

त्रास झाला तर काय करायचं?

डोकेदुखी, अपचन, पाठदुखी, अंगदुखी, नाक चोंदणं, चेहरा लाल होणं हे नेहमीचे त्रास आहेत आणि बहुतेकदा आपोआप कमी होतात. पुढीलपैकी काही झालं तर मात्र थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा:

- ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली. वेळेत उपचार न मिळाल्यास लिंगाचं कायमचं नुकसान होऊ शकतं.
- एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक दिसेनासं झालं, किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं.
- छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं.
- लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगलं. इथे गोळीने काम होत नाही, नळी घालून लघवी काढावी लागते.

डॉक्टरांशी बोलायचं कसं?

संकोच वाटत असेल तर एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: त्रास काय आणि कधीपासून, चालू असलेली सगळी औषधं (पुड्या आणि काढेही), पूर्वीचे आजार, दारू-तंबाखूची सवय. तो कागद पुढे केला तरी काम होतं. अशा तक्रारी डॉक्टर नेहमीच ऐकत असतात.

आणि घरी? पत्नीला किंवा मोठ्या मुलाला फक्त गोळीचं नाव आणि ती कुठे ठेवली आहे, एवढं माहीत असलं तरी पुरतं. माणूस बेशुद्ध असेल तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच द्यायचं असतं.