शाळेतल्या बाजारात नफा नेमका किती झाला? मुलांना धंदा शिकवायचा म्हणजे काय शिकवायचं?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथं जातात. या टेकडीवर गोलसर, सुपारी-नारळाची आठवण यावी असे दगड सापडतात. भूगर्भशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइटचे गोळे. पण इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये नोंदवलेली दंतकथा जास्त रंजक आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला.

माल आहे पण त्याला मोल नाही, ही अवस्था या भागातल्या शेतकऱ्याला काही फक्त दंतकथेत भेटत नाही. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या घरांतली मुलं लहानपणापासून भाव, उधारी, अडत, वजनकाटा हे शब्द ऐकत मोठी होतात. आता प्रश्न असा की, ही मुलं आठवी-नववी-दहावीत जातात तेव्हा शाळा त्यांना याबद्दल काय शिकवते? आणि 'शाळेत उद्योजकता शिकवा' असं जे हल्ली सगळीकडून ऐकू येतं, त्याचा इथं अर्थ काय?

पुस्तकात काय आहे?

अगदीच काही नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल. बालभारतीच्या गणितात सहावीला नफा-तोटा आहे, आठवीला सूट आणि कमिशन आहे. नववी आणि दहावीला तर 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे. दहावीच्या प्रकरणात जीएसटी आहे, शेअर्स आहेत. म्हणजे गावाकडच्या दहावीच्या मुलीला शेअरचं दर्शनी मूल्य आणि बाजारभाव यातला फरक परीक्षेपुरता माहीत असतो.

पण 'उद्योजकता विकास' आणि 'विपणन' (म्हणजे आपण ज्याला मार्केटिंग म्हणतो ते) ही प्रकरणं भेटतात थेट बारावीच्या 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या पुस्तकात. तीही कॉमर्स घेतलं तरच. सायन्स-आर्ट्सवाल्यांची किंवा दहावीनंतर शिक्षण सुटलेल्यांची त्याच्याशी गाठच पडत नाही. काही शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचे विषय घेता येतात. त्यात रिटेल, ऑटोमोबाइल, ब्यूटी अँड वेलनेस, शेती असे पर्याय असतात. त्यांचा भर मात्र एखाद्या कामासाठी तयार होण्यावर असतो. स्वतःचं दुकान काढलं तर काय, हा त्यापुढचा प्रश्न.

आणि शाळेत भरणारा बाजार?

हा प्रकार तुम्ही फेसबुकवर नक्की पाहिला असेल. कुठं 'बाल आनंद मेळावा', कुठं 'आनंद बाजार', कुठं 'आठवडी बाजार'. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मुलं भजी, पोहे, मेथीच्या जुड्या, बोरं, चिंचा घेऊन बसतात. गावकरी विकत घेतात, सरपंच येऊन चहा पितात, फोटो निघतात. स्काउट-गाइडमध्ये यालाच समांतर 'खरी कमाई' नावाचा उपक्रम आहे. मुलांनी छोटी-मोठी कामं करून किंवा वस्तू विकून स्वतः चार पैसे कमवायचे, हा त्यामागचा विचार.

उपक्रम छानच आहे. मुलं बोलायला लागतात, सुट्टे पैसे द्यायला शिकतात, गिऱ्हाईक तोंडावर 'नको' म्हणून गेलं तर पचवायला शिकतात. अडचण येते ती दुसऱ्या दिवशीच्या बातमीत. 'चिमुकल्यांनी केली एवढ्या हजारांची उलाढाल!' उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे बातमीत नसतं आणि बऱ्याचदा शाळेच्या फळ्यावरही नसतं.

एक साधा हिशेब करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, दोन मुलींनी भज्यांच्या ४० प्लेटा लावल्या. ३५ प्लेटा १० रुपयांना गेल्या. शेवटच्या ५ गार झाल्या म्हणून ५ रुपयांना दिल्या. गल्ल्यात जमा झाले ३७५ रुपये. मुलींनी स्वतःच्या खिशातून फक्त कागदी प्लेटा आणल्या होत्या, २५ रुपयांच्या. फळ्यावर लिहिलं गेलं: नफा ३५० रुपये. टाळ्या!

आता घरी जाऊ. बेसन १०० रुपयांचं, तेल ७५ रुपयांचं, कांदे-बटाटे ४० रुपयांचे, गॅस साधारण ३० रुपयांचा. हे २४५ रुपये घरच्या डब्यातून गेले, म्हणून ते कुणी धरलेच नाहीत. ते धरले तर नफा उरतो १०५. आणि आई पहाटे उठून दोन तास भजी तळत होती. तिच्या तासाला ५० रुपये लावले तर १०० रुपये झाले. आता नफा किती? ५ रुपये. मुलींनी स्वतः दिवसभर उभं राहून विकलं, त्याची मजुरी तर अजून लावलेलीच नाही.

माझ्या मते धंद्याचं शिक्षण सुरू होतं ते ३५० वरून ५ वर येण्याच्या या प्रवासात. यात मुलांचा हिरमोड करायचा नाहीये. उलट पुढचे सगळे प्रश्न इथूनच सुचतात. प्लेट १२ रुपयांना दिली असती तर? प्लेटेत भजी एक कमी घातली असती तर? शेजारच्या स्टॉलवरही भजीच होती, मग आपण कोथिंबीरवडी का नाही केली? शेवटच्या ५ प्लेटा गार होण्याआधी काय करता आलं असतं?

आईची मजुरी धरायची हे कुणी सांगितलं?

सरकारनेच. पिकांच्या किमान आधारभूत किमती, म्हणजे हमीभाव, सुचवण्याचं काम केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. आयोग उत्पादन खर्च वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतो. 'ए-टू' म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च: बियाणं, खत, फवारणी, मजूर, डिझेल. त्यात 'एफएल' मिळवतात, म्हणजे घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरी. आणि 'सी-टू'मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं.

आता भज्यांच्या हिशेबाकडे बघा. बेसन-तेल-प्लेटा हा 'ए-टू'. आईचे दोन तास म्हणजे 'एफएल'. आपल्याच अंगणात स्टॉल लावला आणि त्या जागेचं भाडं धरलं तर गाडी 'सी-टू'कडे निघाली.

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये. तो काढला गेला ३,५५२ रुपये खर्चाच्या दीडपट. हा ३,५५२ चा आकडा 'ए-टू अधिक एफएल' आहे, 'सी-टू' नाही. दीडपट भाव नेमका कोणत्या खर्चावर द्यायचा, हा वाद स्वामिनाथन आयोगापासून चालू आहे. ज्या मुलीने भज्यांचा हिशेब दोनदा मांडलाय, तिला ही बातमी पाच मिनिटांत समजेल. वडील सोयाबीनची पट्टी घेऊन घरी येतील तेव्हा ती काय विचारेल, हे सांगायला नको. हमीभाव जाहीर होणं आणि बाजारात तो हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तिला कुणी शिकवायची गरज नसते. ते ती घरात बघतेच.

मार्केटिंग शिकायला कुठं जायचं? बाजूच्या गावात

गिरडच्याच तालुक्यात वायगाव आहे. वायगाव (हळद्या). वर्धा तालुक्यातलं वायगाव (निपाणी) वेगळं, गल्लत करू नका. इथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. गडद रंग आणि त्यातलं कुरकुमिनचं प्रमाण ही या हळदीची ओळख.

पुस्तकात मार्केटिंगचे चार खांब सांगतात: वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. बारावीत ते पाठ करावे लागतात. आठवीच्या वर्गात त्याऐवजी एक पाव किलो हळद ठेवा आणि विचारा. हीच हळद खुली विकली तर किती, पाकिटात घातली तर किती? पाकिटावर 'वायगाव हळद' लिहिलं तर गिऱ्हाईक दोन पैसे जास्त का देतं? नागपूरच्या दुकानात ठेवायची असेल तर दुकानदाराचा वाटा किती? व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतली तर कुरिअरचा खर्च कुणाचा?

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उरतोच. दुसरीकडची हळद आणून पाकिटावर वायगावचं नाव टाकलं तर काय? जीआय हे कुणा एका माणसाच्या मालकीचं नाव नसतं. त्या भागातल्या, नोंदणी झालेल्या उत्पादकांनाच ते वापरता येतं. खोटं वापरलं तर १९९९ च्या कायद्यात तुरुंग आणि दंड दोन्हीची तरतूद आहे. मार्केटिंग म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं, असा आपल्याकडे एक समज आहे (आणि रील बघताना तो रोज पक्का होतो). नाव खरं असेल तरच ते विकलं जातं, हे हळदीच्या पाकिटावरून जितकं लवकर कळतं तितकं व्याख्यानातून नाही कळत.

वर्ध्यात हे आधी घडून गेलंय

शाळेत काम करायचं, वस्तू बनवायची, ती विकायची आणि त्यातून शिकायचं, ही कल्पना नवी नाही. ती देशासमोर मांडली गेली तीच वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला तिथं शिक्षण परिषद झाली. गांधीजींचं म्हणणं होतं की, सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेत आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती असावं, आणि मुलांच्या कामातून शिक्षकाच्या पगाराचा खर्च निघावा. हीच नई तालीम. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना स्वीकारली. पुढे सेवाग्रामला त्यावर शाळा चालली.

पण तेव्हाच शंकाही निघाल्या होत्या. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांचा आक्षेप होता की, शाळेतला माल बाजारात आला तर त्यावरच पोट असलेल्या कारागिरांशी ती असमान स्पर्धा होईल. आणि खुद्द झाकिर हुसेन समितीने इशारा दिला होता की, कमाईवर जास्त जोर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकणं बाजूला पडेल.

हा इशारा आजच्या शाळा-बाजारालाही तंतोतंत लागू पडतो. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' नावाने अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी २,००० रुपये बीजभांडवल देऊन धंदा करायला लावला होता. त्याची चर्चा झाली ती मुख्यतः कुणी किती गुंतवणूक मिळवली याची. ज्यांचे पैसे बुडाले ते काय शिकले, हे ऐकायला मला जास्त आवडलं असतं.

महाराष्ट्रातलं दुसरं उदाहरण जास्त जमिनीवरचं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'आयबीटी' हा आठवी ते दहावीचा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम: वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया. मुलं गावातल्या लोकांची खरी कामं पैसे घेऊन करतात आणि केलेल्या कामाचा खर्चही वहीत मांडतात. गेट बनवलं तर लोखंड किती लागलं, मजुरी किती धरली, हे लिहिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

कायदा काय म्हणतो?

१४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करायला परवानगी आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर बंदी आहे. १८ पूर्ण होईपर्यंत केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, त्यामुळे मुलांच्या नावावर कर्ज किंवा उधारीचा व्यवहार शाळेने करू नये. बँकेत मात्र १० वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवता येतं, काही मर्यादांसह.

मग शिक्षकाने वेळ कुठून काढायचा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे, स्थानिक कारागीर आणि व्यावसायिकांकडे जाऊन शिकण्यासाठी. गिरडसारख्या गावात त्यातला एक दिवस दर्ग्याच्या वाटेवरच्या दुकानांत घालवता येईल. फुलवाल्याची उरलेली फुलं संध्याकाळी मातीमोल होतात, अगरबत्तीवाल्याचा माल वर्षभर टिकतो. दोघांनी सकाळी किती माल भरायचा हे ते कसं ठरवतात, हे विचारायला वही-पेन पुरतं. दुसरा दिवस हिंगणघाटच्या बाजार समितीत. आणि तिसऱ्या दिवशी शाळेत बाजार भरवा, पण फळ्यावर तीन रकाने आखून: गल्ल्यात आले किती, घरून लागले किती, कुणी किती तास राबलं. उरलेल्या पैशांचं काय करायचं हे मुलांनाच ठरवू द्या, आणि ते सरांच्या कपाटात किती दिवस राहणार हेही आधीच लिहून ठेवा.