इंदूरहून आलेला करंडक

नागपूरच्या क्रिकेटचा इतिहास लिहू पाहणाराला पहिल्याच पानावर एक निरोपाचा प्रसंग लिहावा लागतो. कोट्टरी कनकय्या नायडू, म्हणजेच पुढे साऱ्या हिंदुस्थानला ठाऊक झालेले सी. के., १८९५ साली नागपुरात जन्मले, येथल्याच मैदानांवर वाढले, आणि १९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. १९३२ साली इंग्लंडमध्ये भारताचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा कर्णधार सी. के. होते, पण त्यांच्या नावापुढे गाव लागले ते इंदूरचे. होळकरांच्या आश्रयाने इंदूरचा संघ इतका बलाढ्य झाला, की १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत त्याने चार वेळा रणजी करंडक जिंकला. गुण नागपूरचा, आश्रय इंदूरचा, असा तो हिशेब होता.

खेळाडूला आश्रय लागतो, ही गोष्ट नागपूरने पुढे फार महाग किंमत देऊन शिकली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली; विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरची राजधानी गेली. त्यापाठोपाठ १९५७-५८ च्या हंगामात 'विदर्भ' या नावाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला. त्यानंतरची साठ वर्षे थोडक्यात सांगण्याजोगीच आहेत. सामने व्हावयाचे, हरावयाचे, अधूनमधून अनिर्णित राहावयाचे. एवढ्या वर्षांत हा संघ एकदाही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला नाही.

नागपूरला मोठे क्रिकेट पाहावयास मिळत नव्हते असे मात्र नाही. १९६९ साली येथे पहिला कसोटी सामना झाला. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक आणि गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतले एकुलते एक शतक, दोन्ही नागपूरकरांनी एकाच दिवशी पाहिली. टाळ्या आपल्या, पराक्रम दुसऱ्यांचा! यजमानाने पंगत थाटात वाढावी आणि घरच्या पोरांनी पडवीत उभे राहून पाहावे, तशातला हा प्रकार.

हे पालटावयाचे तर काय करावे? विदर्भ क्रिकेट संघटनेने दोन गोष्टी केल्या. मुलांसाठी निवासी अकादमी काढली, आणि बाहेरगावचे कसलेले खेळाडू मानधन देऊन आणले. कर्नाटकातून गणेश सतीश आला, मुंबईहून वसीम जाफर आला, आणि २०१७ साली प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. 'धंदेवाईक' हा शब्द मराठीत आपण नेहमीच थोडे नाक मुरडून उच्चारतो. भाड्याच्या तलवारींनी गड जिंकता येईल, पण तो आपला म्हणावा कसा, ही शंका त्यामुळे मनात येणारच. आणि ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही. तिचे उत्तर २०१७-१८ च्या हंगामाने दिले.

साखळीत विदर्भ आपल्या गटात पहिला आला. कर्णधार फैज फजल नागपूरचा. त्याने त्या हंगामात पाच शतकांसह ९१२ धावा काढल्या. सुरतेस उपांत्यपूर्व सामन्यात केरळचा ४१२ धावांनी धुव्वा उडाला. मग कोलकात्याच्या ईडन गार्डनवर कर्नाटकाशी गाठ पडली.

विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाच्या करुण नायरने एकट्याने १५३ काढल्या आणि संघाला ११६ धावांची आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ पर्यंत मजल मारली. त्यांत ८१ धावा गणेश सतीशच्या, तेही आपल्या जुन्या संघाविरुद्ध. कर्नाटकाला हव्या होत्या १९८. शेवटच्या सकाळी ८७ धावा उरल्या होत्या आणि तीन गडी. ते तिघेही रजनीश गुरबानी या अभियांत्रिकी शिकलेल्या नागपूरच्या तरुणाने टिपले. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावा! साठ वर्षांचे दार पाच धावांनी उघडले.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तो इंदूरला, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी अशी हॅट्‌ट्रिक एकदाच, १९७२-७३ साली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केली होती. दिल्लीच्या २९५ ला विदर्भाने ५४७ धावांनी उत्तर दिले. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ केल्या, आदित्य सरवटेने ७९. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. शेवटचे फटके मारणारा वसीम जाफर तेव्हा चाळिशीला टेकला होता.

या जाफरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आदल्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नव्हता. तरी संघटनेने त्याचे ठरलेले पैसे दिले होते. त्या उपकाराची जाण ठेवून २०१७-१८ चा हंगाम तो एक पैसाही न घेता खेळला. म्हणजे ज्याला आपण धंदेवाईक म्हणावयाचे, त्याने धंद्याचा हिशेब असा चुकता केला. आणि करंडक ज्यांनी खेचून आणला त्या फजल, गुरबानी, वाडकर, सरवटे यांपैकी कोणीही बाहेरून आणलेला नव्हता. पैशाने आणलेल्यांनी विजय विकत दिला नाही. जिंकणे ही आपल्याही आवाक्यातली गोष्ट आहे, एवढे घरच्यांना पटवून दिले.

ते पटले हे पुढे दिसलेच. २०१९ साली जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. मार्च २०२५ मध्ये तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा कर्णधार होता तोच अक्षय वाडकर आणि प्रशिक्षक होते घरचेच उस्मान घनी. त्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ८६ आणि १३५ धावा कोणी काढल्या? करुण नायरने! आणि समोरच्या केरळ संघाकडून ७९ धावा कोणाच्या? आदित्य सरवटेच्या, त्याच सरवटेच्या.

१९२३ साली नागपूरचा माणूस बाहेर गेला तेव्हा मागे पोकळी राहिली. आता नागपूरचा माणूस बाहेर जातो, बाहेरचा येथे येतो, आणि मैदान रिकामे पडत नाही. गावाला खेळ आला असे म्हणावयाचे ते याला.